जन्मापूर्वीचा श्वास : एका निरीक्षणाची उपेक्षा आणि स्वीकार

गर्भजलाने वेढलेला गर्भ हवेवाचून जगतो कसा, हा प्रश्न विल्यम हार्वी यांनी १६५१ मध्ये आपल्या प्रजननविषयक ग्रंथात उपस्थित केला आणि जॉन मेयो यांनी १६७४ मध्ये त्याचे उत्तर दिले, ते असे की वार, म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला व नाळेने गर्भाशी जोडलेला अवयव, हीच गर्भाची फुप्फुसे होत. हे उत्तर मूलतः बरोबर होते. परंतु त्यामुळेच गर्भाच्या स्वतःच्या फुप्फुसांना जन्मापर्यंत काही काम नाही, असे गृहीत धरणे सोपे झाले.

या गृहीतकाचा फटका मारबुर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रीड्रिश आलफेल्ड यांना बसला. गरोदर स्त्रीच्या पोटावर दिसणारी लयबद्ध हालचाल गर्भाच्या श्वसनाची आहे, असे त्यांनी १८८८ मध्ये मांडले, पण समकालीनांना ते पटले नाही. पुढे केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट यांना मेंढीच्या कोवळ्या गर्भात अशा हालचाली आढळल्या खऱ्या, तथापि वाढलेला गर्भ शांत असतो, असाच त्यांचा निष्कर्ष होता. आणि गर्भ शस्त्रक्रियेने उघडा करून पाहण्याच्या त्या पद्धतीत दुसरे काही दिसणेही कठीण होते.

ऑक्सफर्डच्या जेफ्री डॉज यांनी १९७०च्या सुमारास मेंढीच्या गर्भाला सूक्ष्म नळ्या जोडून तो पुन्हा गर्भाशयात ठेवला, मेंढी पूर्ववत हिंडूफिरू लागल्यावर नोंदी घेतल्या, आणि तेव्हा कोकराचा गर्भ सुमारे ४० टक्के वेळ, मुख्यतः डोळ्यांच्या जलद हालचालींच्या निद्रेत, श्वसनाच्या हालचाली करतो असे दिसले. प्राणवायू कमी पडला की प्रौढाचा श्वास वाढतो, गर्भाचा मात्र थांबतो. तेव्हा हा श्वास प्राणवायूसाठी नाही, हे उघड झाले. मग तो कशासाठी? छाती व पोट यांमधील श्वासपटल आकुंचन पावते, पण फुप्फुसांत भरलेला द्रव घट्ट असल्याने दर वेळी त्याचा अत्यल्प भागच हलतो, आणि हा द्रवही मुख्यतः फुप्फुसांनीच स्रवलेला असतो. श्वासपटलाच्या आकुंचनाने व या द्रवाने फुप्फुसांवर पडणाऱ्या ताणामुळे त्यांची वाढ होते. श्वासपटलाची चेतातंतू-जोडणी तोडलेल्या गर्भांची फुप्फुसे खुरटी राहिल्याचे प्रयोगांत आढळले.

मानवी गर्भातील या हालचाली बॉडी व रॉबिन्सन यांनी १९७१ मध्ये श्राव्यातीत ध्वनिलहरींनी टिपल्या, आणि १९८०मध्ये मॅनिंग व प्लॅट यांनी गर्भाच्या सुस्थितीच्या पाच निकषांत त्यांना स्थान दिले. अर्ध्या तासाच्या सोनोग्राफीत ३० सेकंदांचे सलग श्वसन दिसले की हा निकष पूर्ण होतो.