इंग्रजी बोलायला जमलेली मुलं आणि १८४८ची मुंबई

मागच्या आठवड्यात पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, "विषय येतो गं, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. काय करू?" मी तिला माझा किस्सा सांगितला. एमएस्सीला असताना आम्ही पाच-सहा जणींनी शनिवारी संध्याकाळी इंग्रजीत बोलायचा गट काढला होता. पहिल्या दिवशी 'माझा छंद', दुसऱ्या दिवशी 'माझं गाव' आणि तिसऱ्या शनिवारी कुणीच आलं नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं!

तो गट का बंद पडला, हे मला कळलं बऱ्याच वर्षांनी. भौतिकशास्त्र सोडून थोडा इतिहास वाचत होते, तेव्हा. म्हणून आज प्रयोगशाळेतून जरा बाहेर पडू आणि १८४८च्या मुंबईत जाऊ.

त्या वर्षी जूनमध्ये एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. प्रोत्साहन होतं प्रोफेसर पॅटन यांचं. सभासदांपैकी एक होते दादाभाई नौरोजी. त्यांचं वय तेव्हा २२, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांएवढंच. कामाची पद्धत अगदी साधी: एकाने इंग्रजीत निबंध लिहून आणायचा, सर्वांसमोर वाचायचा आणि मग त्यावर चर्चा. आपल्या लॅबमधला जर्नल क्लब याहून फार वेगळा असतो का?

इथवर हा 'इंग्रजी सुधारण्याचा' वर्ग वाटेल. पण या मुलांनी पुढे दोन गोष्टी केल्या आणि माझ्या मते खरा इतिहास तिथे आहे.

पहिली गोष्ट भाषेची. इंग्रजीत वाचलेलं शहरातल्या किती लोकांना कळणार? म्हणून सोसायटीच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. तिचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागलं. इंग्रजीत शिकलेलं विज्ञान मराठीत सांगायचं, तर त्यासाठी शब्द शोधावे लागले असणार. कुठलीही संकल्पना आजीला समजावून बघा, म्हणजे ती आपल्याला किती कळली आहे ते लगेच कळतं!

दुसरी गोष्ट कृतीची. एका सभेत बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा रंगली. तेव्हा पॅटन यांनी सुचवलं की नुसतं बोलून थांबू नका, काहीतरी करा. मग ही मुलं घरोघर गेली आणि 'तुमच्या मुलींना आमच्याकडे शिकायला पाठवा' म्हणून विनवू लागली. काही वडिलांनी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली, अशी आठवण दादाभाईंनी नंतर सांगितली आहे. तरीही १८४९ मध्ये वर्ग सुरू झाले. सुरुवातीला ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या. शिकवणारे सभासदच, तेही सकाळी, आपलं काम सांभाळून आणि बिनपगारी. पुढे जगन्नाथ शंकरशेट, कामा कुटुंब अशांची मदत मिळाली. याच सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले डॉ. भाऊ दाजी लाड.

आता संशोधकाची सवय म्हणून दोन गोष्टी तपासू या. एक, हे मुलींच्या शिक्षणातलं पहिलं पाऊल नव्हतं. मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळा आधीपासून होत्या आणि पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्येच शाळा काढली होती. दोन, सोसायटीचे सभासद पुरुष होते आणि बहुतेक जण पारशी व उच्चवर्णीय हिंदू घरांतले. मुलींविषयी चर्चा झाली, पण त्या सभेत मुली नव्हत्या. जिन्याची गोष्टही दादाभाईंची आठवण आहे, त्या दिवशीचं टिपण नाही. अशी आठवण हा पुरावा असतोच, पण तो वेगळ्या वजनाचा. प्रयोगातल्या वाचनाला आपण त्रुटीची मर्यादा लावतो ना, तसंच हे.

मग आमचा शनिवारचा गट का बुडाला? कारण आम्ही इंग्रजी बोलण्यासाठी जमत होतो. एल्फिन्स्टनची मुलं काहीतरी सांगण्यासाठी जमत होती, इंग्रजी त्या ओघात येत होती.

तुम्ही गट काढणार असाल तर माझं ऐका. 'माझा छंद' नको. दर आठवड्याला एकाने एक शोधनिबंध वाचून यावा, दहा मिनिटं इंग्रजीत मांडावा, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. चुका होतील, होऊ द्या; मध्येच कुणी व्याकरण सुधारायचं नाही. मग तोच विषय पाच मिनिटं मराठीत सांगायचा. आणि महिन्यातून एकदा जवळच्या शाळेत जाऊन आठवीच्या मुलांना तो समजावायचा.

मैत्रिणीला मी हेच सांगितलं. काल तिचा मेसेज आला: चौघं जमलेत, पहिला निबंध तीच वाचणार आहे. घसा कोरडा पडेलच म्हणते. मी म्हटलं, पाण्याची बाटली ने आणि सुरू कर.