उंबरठ्यावरचा नियम : कोलमपासून आज्ञावलीपर्यंत

तमिळनाडूत पहाटे अंगणात सडा पडतो आणि ओलसर जमिनीवर तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडले जातात. मग एक रेषा निघते. ठिपक्यांना स्पर्श न करता ती त्यांच्याभोवती वळणे घेते, ठिकठिकाणी स्वतःलाच छेदते आणि अखेर जेथून निघाली तेथेच येऊन मिळते. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीशी नाते सांगणारी ही कला म्हणजे कोलम, आणि रेषेच्या या गुंत्याचे नाव ‘सिक्कू कोलम’. ते काढणाऱ्या स्त्रीसमोर नकाशा नसतो, मोजपट्टी नसते. आईकडून मुलीकडे आलेली वळणांची आठवण तेवढी बोटांत असते. पावलांनी, वाऱ्याने आणि मुंग्यांनी ती आकृती दिवसभरात पुसली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटते.

आकृती पुसली गेली, तर मागे उरते काय? उरतो तो नियम. भारतातील संगणकीय चित्रविद्येच्या इतिहासातील एक लक्षणीय प्रकरण याच उत्तरापासून सुरू होते.

मद्रासजवळील तांबरम येथे मद्रास ख्रिश्चन कॉलेज आहे. तेथे गिफ्ट सिरोमनी हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. शिलालेख, शिल्पे आणि तमिळ लिपी यांतही त्यांना तितकाच रस होता. राणी सिरोमनी या गणितज्ञ होत्या आणि औपचारिक भाषांचे, म्हणजे चिन्हांच्या नियमबद्ध रचनांचे, व्याकरण हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. या दोघांनी आणि कमला कृतिवासन यांनी मिळून १९७४ मध्ये कोलम आणि ‘सरणी व्याकरणे’ यांवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. वाक्याच्या व्याकरणात शब्दांची एक ओळ नियमांनी वाढत जाते. सरणी व्याकरणात चिन्हांचा आडवा-उभा पट वाढतो. थोड्या नियमांतून एकाच घराण्यातील लहान-मोठी असंख्य कोलमे कशी उभी राहतात, हे या निबंधाने दाखवले. अंगणातील कला प्रथमच संगणकाला कळेल अशा भाषेत मांडली जात होती.

या अभ्यासाची पुढची पायरी अधिक मोलाची ठरली. पुढील संशोधनात रेषेचा प्रवास हालचालींच्या क्रमाने लिहिला जाऊ लागला : सरळ जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, ठिपक्याला वेढा घाल. ही भाषा काढणाऱ्या हाताच्या फार जवळची होती.

याच सुमारास दुसऱ्या एका खंडात तीच कल्पना वेगळ्या वाटेने आली होती. अमेरिकेत १९६७ मध्ये वॉली फ्युरझीग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. पुढे तिच्यात एक ‘कासव’ आले. इतकी पावले पुढे जा, इतके अंश वळ, अशा आज्ञा द्यायच्या. कासवाच्या मागे रेषा उमटत जाते. मुलाने स्वतःला कासवाच्या जागी कल्पावे आणि भूमिती अंगाने शिकावी, हा त्यामागील विचार होता. कोलम काढणारी स्त्री नेमके हेच करते : ती आकृतीकडे वरून पाहत नाही, रेषेबरोबर चालते.

या दोन वाटांना जोडणारा दुवा वनस्पतिशास्त्रातून मिळाला. १९६८ मध्ये ॲरिस्टिड लिंडेनमायर यांनी पेशींची वाढ दाखवण्यासाठी चिन्हे बदलण्याची एक पद्धत मांडली. १९८० च्या दशकात प्शेमिस्लाव प्रुसिंकीविच यांनी त्या चिन्हांचा अर्थ कासवाच्या हालचालींनी लावला, आणि कमला कृतिवासन यांच्यासह हीच पद्धत कोलमच्या आकृत्यांना लावून पाहिली.

‘कृष्णाचे पैंजण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोलमच्या नियमावरून ती रीत स्पष्ट होते. ‘स’ म्हणजे एक पाऊल सरळ. ‘व’ म्हणजे डावीकडे काटकोनातले वळण. ‘क’ ही कळी; ती स्वतः रेषा काढत नाही, फक्त पुढच्या फेरीत उमलते. आरंभ ‘क व क’ असा. नियम एकच : जेथे ‘क’ दिसेल, तेथे ‘क स क व क स क’ लिहावे. पहिल्या फेरीत चार सरळ रेषांचा साधा चौकोन मिळतो. दुसऱ्या फेरीत रेषा २० होतात आणि चारही कोपऱ्यांत एकेक वेढा पडतो. तिसऱ्या फेरीत ८४, चौथ्या फेरीत ३४०. रेषा प्रत्येक वेळी आरंभबिंदूशी परत येते. कोपरे गोलसर केले, की कागदावर कोलम उभे राहते.

संगणकावर चित्र काढू पाहणाऱ्या आजच्या नवशिक्यासाठी या इतिहासाचे महत्त्व येथे आहे. छायाचित्र रंगीत ठिपक्यांनी भरलेले असते; वेक्टर चित्र मात्र मुळात लेखन असते. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा, एवढ्या बाकाची वक्ररेषा, अमुक जाडी. १९८४ मधील पोस्टस्क्रिप्ट ही संपूर्ण पान वर्णन करणारी संगणकभाषाच होती. १९८७ मध्ये आलेल्या ॲडोबी इलस्ट्रेटरने त्या लेखनावर माउसचा पडदा घातला. २००१ मध्ये प्रमाणित झालेला एसव्हीजी हा प्रकार तर साध्या मजकुराच्या संपादकात उघडून वाचता येतो. २००३ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले इंकस्केप याच प्रकारावर उभे आहे. त्यात पायथन भाषेतील जोडण्या वापरता येतात, तर इलस्ट्रेटर जावास्क्रिप्टमधील आज्ञावली चालवतो.

माउसने ३४० रेषा जुळवणारा विद्यार्थी थकतो, आणि शेवटी रेषा जुळली नाही तर चूक कोठे झाली हे त्याला सापडत नाही. तोच नियम आज्ञावलीत लिहायला वीसएक ओळी पुरतात. ‘चल’ म्हणजे काय, हे फेऱ्यांची संख्या बदलताना कळते. पुनरावृत्ती कशाला हवी, हे कळ्या उमलताना कळते. वळण ९० ऐवजी ८० अंशांचे लिहिले, तर पहिल्याच फेरीत चौकोन उघडा राहतो. चूक डोळ्यांसमोर उभी राहते आणि दुरुस्तीची जागाही दाखवते. नवशिक्याला इतका प्रामाणिक शिक्षक क्वचितच मिळतो.

भाषेचा अडसरही पूर्वीइतका उंच राहिलेला नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने इंकस्केप, पायथन यांसारख्या मुक्त साधनांचे धडे भारतीय भाषांतून उपलब्ध केले आहेत. तरीही मेनूतील कोणते बटण कोठे आहे, हे शिकणे म्हणजे आज्ञावली शिकणे नव्हे. आवृत्ती बदलली की बटणे जागा बदलतात. आकृतीकडे पाहून ‘हिच्यात पुन्हा पुन्हा काय घडते?’ असा प्रश्न विचारण्याची सवय मात्र जुनी होत नाही.

तांबरमच्या संशोधकांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर त्यांच्या आधीच अंगणाअंगणांत लिहिलेले होते. ते लिहिणाऱ्या असंख्य स्त्रियांची नावे कोणत्याही निबंधात नाहीत. त्यांच्या बोटांतील ज्ञानाला विज्ञानाने व्याकरण दिले, आणि व्याकरण मिळाल्यामुळे ते यंत्रालाही सांगता आले. यंत्र सांगितलेली रेषा न चुकता काढते; पण नियम ओळखण्याचे काम माणसाकडेच राहते. प्रत्येक नवशिक्याचा पहिला धडा तोच आहे, आणि तो संगणक सुरू करण्यापूर्वी, कागदावर ठिपके मांडून गिरवता येतो.