दिनविशेष : १३ फेब्रुवारी
भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी उभ्या असलेल्या 'भारत भवन' या कलाकेंद्राचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. याच इमारतीच्या बांधकामावर झाबुआ जिल्ह्यातील पिटोलच्या भुरीबाई ६ रुपये रोजाने मजुरी करत होत्या. केंद्राच्या कलासंग्रहालयाचे प्रमुख, चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना गावाकडे भिंतींवर काढतात तशी चित्रे कागदावर काढायला सांगितले. चित्रे काढत बसले तर मजुरीचे काय, ही भुरीबाईंची पहिली चिंता. चित्रे काढण्याचेही पैसे मिळतील, असे आश्वासन मिळाल्यावरच त्यांनी कुंचला हाती घेतला. गावी गेरू, खडू आणि पानांचा हिरवा रस वापरणाऱ्या त्या हातांना तयार रंग नवे होते. त्यांच्या भिल्ल परंपरेत पिठोरा या विधीपूर्वक काढल्या जाणाऱ्या भित्तिचित्रातला घोडा रंगवण्याचा मान पुरुषांचा. तो सोडून भुरीबाईंनी झाडे, प्राणी, घरे, सण आणि पुढे बस-विमानेही ठिपक्यांनी भरून रंगवली. कागदावर चित्रे काढणाऱ्या त्या पहिल्या भिल्ल स्त्री-चित्रकार मानल्या जातात. स्वामीनाथन यांची पारखी नजर मोलाची खरी, पण चार दशकांची साधना भुरीबाईंची स्वतःची. मध्य प्रदेश शासनाच्या शिखर सन्मानानंतर २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.