कप्तान निमो, वेताळ आणि खानदेशची आगगाडी

धुळ्यातील रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारले, "सर, येशू आणि सुपरमॅन यांच्यात जास्त शक्ती कोणाची?" वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण त्याच्या वयात मीही हाच हिशेब मनाशी मांडीत असे. चाळीसगाव-धुळे गाडीच्या बाकावर बसून 'इंद्रजाल कॉमिक्स' वाचण्यात माझे बालपण गेले. घरी ते अंक प्रार्थनापुस्तकाखाली दडवावे लागत. अशा पुस्तकांनी पोरे बिघडतात, असे वडिलांचे ठाम मत होते. पुढे पाणबुड्या, गुप्त यंत्रे आणि अण्वस्त्रे यांच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांची गोडी लागली. ती अद्याप सुटलेली नाही. या वाचनाने नेमके काय दिले, याचा शोध घेताना मी आपल्या खानदेशातच येऊन पोहोचलो.

यंत्र आणि साहस यांची सांगड घालणाऱ्या कादंबरीचा एक जनक म्हणजे फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न. 1872 साली 'ल् ताँ' या पॅरिसच्या वृत्तपत्रातून त्याची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कथा क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक फिलिअस फॉग मुंबईस रात्रीच्या गाडीत बसतो. गाडी घाट चढून नाशिक मागे टाकते आणि दुसऱ्या दिवशी खानदेशच्या सपाट, पिकाऊ मुलखातून धावू लागते. फॉगचा नोकर पासपार्तू जागा होऊन बाहेर पाहतो, तेव्हा आपण आगगाडीने हिंदुस्थान ओलांडीत आहोत यावर त्याचा विश्वासच बसत नाही. दुपारी बऱ्हाणपूरला तो खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो.

व्हर्न हिंदुस्थानात कधीही आला नव्हता. त्याने इंजिनाचा धूर आपल्या कपाशीवर सोडला, ते बरोबरच. पण कपाशीच्या जोडीला कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरी यांचेही मळे उभे केले. तापीकाठच्या शेतकऱ्याला हे वाचून हसू येईल. पुढे लोहमार्ग अपुरा असल्याने फॉगला हत्ती घ्यावा लागतो. वस्तुतः जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग 1870 सालीच जोडला गेला होता. तपशील चुकले, तरी व्हर्नला मर्म सापडले होते. या यंत्राने जग लहान केले होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्याकडे धाव घेतली, तेव्हा खानदेशच्या शेतकऱ्यानेही त्याचा अनुभव घेतला. 1900 साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला. रेल्वेच्या फलाटावरील पुस्तकांच्या दुकानांमुळे प्रवासात वाचायच्या रहस्यकथाही गावोगावी पोहोचल्या.

याच व्हर्नने कप्तान निमो निर्माण केला. 1874-75 साली आलेल्या 'गूढ बेट' या कादंबरीत उलगडा होतो, की 'नॉटिलस' या अद्भुत पाणबुडीचा हा स्वामी म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार. 1857 च्या लढ्यात त्याचे सर्वस्व गेले आहे. त्याच्याजवळ त्या काळातील सर्वांत सामर्थ्यवान यंत्र आहे आणि ते तो सूडासाठी वापरतो. शत्रूचे जहाज माणसांसकट बुडविल्यानंतर मात्र तो पत्नी व मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो. आयुष्याच्या अखेरीस तोच निमो बेटावर अडकलेल्या माणसांना हत्यारे, औषध आणि संरक्षण पुरवितो, तेही स्वतः अदृश्य राहून. मूळ हस्तलिखितात त्याचा अखेरचा उद्गार स्वातंत्र्याचा होता. प्रकाशक हेत्झेल याच्या आग्रहावरून तेथे देव आणि देश आले. कॅथलिक घरात जन्मलेल्या व्हर्नला 1884 साली पोप तेरावे लिओ यांनी खासगी भेट दिली होती.

मराठीत हा वारसा अनेकांनी चालविला. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला आणि फुरसुंगीचा फास्टर फेणेही दिला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली. 1964 ते 1990 या काळात 'इंद्रजाल'ने ली फॉकचा वेताळ घरोघरी नेला. वेताळाजवळ दैवी शक्ती नाही. आहे ती पित्याकडून पुत्राकडे आलेली, अन्यायाशी लढण्याची शपथ. जयंत नारळीकरांनी 1986 च्या 'वामन परत न आला' या कादंबरीत बुद्धिमान यंत्रमानवाचे संकट उभे केले. मानवाने घडविलेले यंत्र मानवावरच उलटले तर काय, ही तिची चिंता आज संगणकाच्या युगात अधिकच खरी वाटते.

आमच्या वडिलांचा विरोध एकट्याचा नव्हता. 1950 च्या दशकात अमेरिकेत चित्रकथांविरुद्ध मोठे वादळ उठले आणि कॅथलिक मंडळीही त्यात पुढे होती. परंतु तेथील कॅथलिकांनी नुसती बंदी मागितली नाही. 1946 ते 1972 या काळात 'ट्रेझर चेस्ट' नावाची चित्रकथा-पत्रिका कॅथलिक शाळांतून मुलांच्या हाती दिली जात होती. 1966 साली ख्रिस्तसभेने निषिद्ध ग्रंथांच्या यादीचे बंधनही उठविले. पुढे 'स्पायडरमॅन'च्याच प्रकाशनसंस्थेने, मार्व्हलने, असिसीचे संत फ्रान्सिस (1980), पोप दुसरे जॉन पॉल (1982) आणि मदर तेरेसा (1984) यांची जीवने चित्रकथेतून आणली. 1984 साली पाणबुडीवरील गाजलेली कादंबरी लिहिणारा टॉम क्लॅन्सी हाही जेझुइटांच्या महाविद्यालयात शिकलेला होता.

म्हणून हे सारे वाचन निर्मळ, असे मी म्हणणार नाही. मुठीने प्रश्न सुटतात, वाईट माणूस मुखवट्यावरून ओळखता येतो, अधिक मोठे शस्त्र आपल्या हाती आले की न्याय होतो, हे त्यातील खोटेपण मुलांच्या मनात सहज मुरते. त्यावर पुस्तक हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. वडिलांनी एकदा तरी शेजारी बसून वेताळ वाचला असता, तर त्यांनी दाखविलेली चूक मी ऐकली असती. लपवून वाचल्यामुळे मला चूक दाखविणारे कोणी उरले नाही, आणि वडिलांनाही त्यातील गंमत कळली नाही.

या साऱ्या कथांचा गाभा एकच आहे: हाती आलेल्या सामर्थ्याचे माणसाने काय करावे? निमोला हे उमगेपर्यंत आयुष्य सरले. हाच प्रश्न अरण्यात सैतानाने येशूपुढे ठेवला होता. दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी घे, जगातील सारी राज्ये घे. सुपरमॅनने यांतील पहिल्या दोन गोष्टी एका पानात करून दाखविल्या असत्या. येशूने तिन्ही नाकारल्या.

त्या मुलाला मी हीच गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "म्हणजे त्याला क्रुसावरूनही खाली उतरता आले असते?"

"हो," मी म्हणालो.

यावर वर्गात कोणीही हसले नाही. पुढच्या रविवारी तो आपली चित्रकथा घेऊन आला, ती दप्तरात न लपवता हातात धरून; आणि आम्ही दोघांनी ती शेजारी बसून वाचली.