१२२ ग्रॅमचा हिशेब

'पर्सिव्हिअरन्स' बग्गीवरील 'मॉक्सी' या यंत्राबद्दल एक मत रूढ होऊ पाहते आहे. पूर्वपक्ष असा: मंगळाच्या हवेतील कार्बन डायऑक्साइड फोडून या यंत्राने एप्रिल २०२१ ते ऑगस्ट २०२३ या काळात काढलेला प्राणवायू भरला अवघा १२२ ग्रॅम. एका माणसाला तो जेमतेम साडेतीन तास पुरेल. मग हा खटाटोप कशाला? टाक्या भरून पृथ्वीवरूनच न्याव्यात.

आकडे बिनचूक आहेत. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा.

एवढ्या काळात यंत्र चालले किती वेळा? फक्त १६. बग्गीची अणुवीज सुमारे ११० वॅट, मॉक्सीची भूक ३०० वॅटची. साठवलेली वीज खर्चून भट्टी ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, तासभर प्राणवायू काढायचा, की पुन्हा इतर उपकरणांची पाळी. वेळापत्रकाचा दोष यंत्राच्या माथी का मारावा? पाहायचा तो वेग. उद्दिष्ट ताशी ६ ग्रॅमचे होते. मजल १२ ग्रॅमपर्यंत गेली, तीही ९८ टक्के शुद्धतेने. दिवसा आणि रात्री, निरनिराळ्या ऋतूंत. मंगळावर हिवाळ्यात ध्रुवांवर हवाच गोठून बसते आणि साऱ्या ग्रहावरचा दाब उतरतो. इकडे विद्युतदाब जरा चढला की प्राणवायू वेगळा करणारे विद्युतघट काजळी धरून निकामी होण्याची धास्ती. परीक्षा या कसरतीची होती. ती यंत्राने दिली.

पण खरी गफलत पुढेच आहे. प्राणवायू म्हटला की प्रतिपक्षाला श्वास आठवतो. चौघांना मंगळावर वर्षभर श्वासाला लागतो सुमारे १ टन. तिथून परत उड्डाण करायला मात्र ७ टन इंधन आणि ते जाळायला २५ टन प्राणवायू! पर्सिव्हिअरन्सचे वजन साधारण १ टन; ती सुखरूप उतरवताना भल्याभल्यांचे श्वास रोखले गेले होते. तशा २५ बग्ग्यांचे ओझे नुसत्या प्राणवायूपायी उतरवायचे? की सुमारे १ टनाचे यंत्र नेऊन तो तिथेच काढायचा? निवाडा वाचकांनीच करावा.

प्रतिपक्षाची एक बाजू मात्र मान्य. मोठ्या यंत्राला २५ ते ३० किलोवॅट वीज लागेल. शिवाय मॉक्सीने काढलेला प्राणवायू मोजून तिथल्याच हवेत सोडून दिला. तो द्रवरूप करून साठवणे अजून बाकी आहे. इंधनाचे तर आणखी अवघड. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन हे इंधन बनवणाऱ्या साबातिए प्रक्रियेला हायड्रोजन हवा, म्हणजे तो ज्यातून काढायचा त्या पाण्यासाठी आधी मंगळावरचे बर्फ खणा. तूर्त इंधन खुशाल इथून न्यावे. ७ टनांसाठी भांडण नाही.

भांडण आहे ते २५ टनांसाठी. मोठ्या यंत्राला ताशी २ किलोने ते जमवायला सुमारे १७ महिने लागतील. मंगळाकडे निघण्याची संधी दर २६ महिन्यांनी येते. यंत्र आधीच्या फेरीत धाडले, तर प्रवासाचे सातेक महिने धरूनही, माणसे पृथ्वी सोडतील तेव्हा त्यांचा परतीचा प्राणवायू मंगळावर टाकीत भरलेला असेल.