गुहा, गोबर

गुहा, गोबर : (13 मार्च 1892 – जानेवारी 1972). बंगाली मल्ल व वस्ताद. पूर्ण नाव यतींद्रचरण गुहा. लहानपणी अंगाने गुबगुबीत आणि हालचालीला जड, म्हणून आजोबांनी थट्टेने ठेवलेले ‘गोबर’ हे नाव पुढे युरोप-अमेरिकेतल्या कुस्तीच्या जाहिरातींवरही झळकले.

जन्म कोलकात्यातील सधन कुटुंबात. आजोबा अंबिकाचरण (अंबू) गुहा यांनी घरचा आखाडा उभारून बंगालच्या सुशिक्षित वर्गात कुस्तीला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरुणपणी नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, या आखाड्यात व्यायामाला येत. बंगाली बाबू दुबळा, ही इंग्रजांची हेटाळणी तेव्हा नित्याची होती. घराघरांतून तालमीची हौस वाढण्यामागे तिचाही वाटा होता. गोबर यांनी पहिले धडे काका क्षेत्रचरण यांच्याकडे आणि घरी ठेवलेल्या पैलवानांकडे गिरवले. सहा फुटांहून अधिक उंची, दोनशे पौंडांच्या वरचे वजन आणि मेहनतीसाठी मानेत अडकवायचा सुमारे 160 पौंडांचा दगडी गोल, असा त्यांचा थाट होता.

पोटासाठी कुस्ती करण्याची गरज नसलेला हा तरुण तरीही व्यावसायिक कुस्तीत उतरला. 1913 मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांनी जिमी कँबेल आणि जिमी एसन या नावाजलेल्या मल्लांवर विजय मिळवले. 1920 च्या सुमारास ते अमेरिकेला गेले आणि तिथे काही वर्षे राहिले. तिथली वृत्तपत्रे त्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. भारतातून आलेल्या कोणाही माणसाला तेव्हा हेच बिरूद चिकटे, मग त्याचा धर्म कोणताही असो.

ऑगस्ट 1921 मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे त्यांनी अ‍ॅड सँटेलला हरवले. सँटेल हा जर्मन वंशाचा, ‘हूक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सांधे पिळणाऱ्या डावांत निष्णात मल्ल. त्याच वर्षी तो टोकियोत जाऊन ज्यूदोपटूंशी लढून आला होता. या विजयाने गोबर यांना जागतिक लाइट हेवीवेट विजेता म्हटले जाऊ लागले, आणि असा मान मिळवणारे पहिले आशियाई म्हणून त्यांचा उल्लेख होतो. मात्र त्या काळी असे किताब देणारी एकच सर्वमान्य संस्था नव्हती. प्रवर्तक, वृत्तपत्रे आणि स्थानिक मंडळे आपापले विजेते जाहीर करीत. त्यामुळे ‘जगज्जेता’ हे विशेषण जपून वापरलेले बरे. सँटेलसारख्या कसलेल्या मल्लाला हरवणे हीच कामगिरी पुरेशी मोठी आहे. अमेरिकन हेवीवेट मल्ल एड ‘स्ट्रँगलर’ लुईसविरुद्धच्या वादग्रस्त लढतीत मात्र त्यांना हार पत्करावी लागली. 1920 च्या दशकात लुईस आणि त्याच्या व्यवस्थापकांच्या हाती अमेरिकेतली हेवीवेट कुस्ती एकवटत गेली, आणि निकाल आधीच ठरवलेल्या कुस्त्यांचे प्रमाण वाढत गेले. त्या काळच्या नोंदींवरून कोणाही मल्लाची ताकद मोजणे म्हणूनच अवघड आहे.

भारतात परतल्यावर 1929 मध्ये कोलकात्याच्या पार्क सर्कस मैदानावर छोटा गामा या मल्लाशी त्यांची कुस्ती झाली आणि तीत ते पराभूत झाले. मातीतल्या कुस्तीपासून काही वर्षे दूर राहिलेल्या, वय झालेल्या मल्लाचा हा पराभव अनपेक्षित म्हणता येत नाही.

1944 मध्ये त्यांनी लढणे सोडले, पण आखाडा सोडला नाही. उत्तर कोलकात्यातील गोवाबागान येथे हलवलेल्या तालमीत त्यांनी अनेक तरुणांना घडवले. मराठी श्रोत्यांनाही परिचित असलेले गायक मन्ना डे तारुण्यात त्यांच्याकडेच कुस्ती शिकले. त्यांच्या कारकीर्दीचा हा शेवटचा टप्पा परदेशातल्या विजयांपेक्षा कमी सांगितला जातो. बंगालच्या कुस्तीवर परिणाम मात्र त्याचाच अधिक झाला.