सामाईक लॅपटॉपची पाळी

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील एकेकाळचे शेतकऱ्यांचे गाव. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तेथे माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभारण्यास आरंभ केला, आणि शेतांच्या जागी काचेचे इमले उभे राहिले. त्या इमल्यांत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर त्याचा स्वतंत्र लॅपटॉप असतो. सहावी ते आठवीच्या वर्गांस शिकविणाऱ्या गुरुजनांस मात्र पुष्कळ शाळांत एकच यंत्र आळीपाळीने वापरावे लागते. हे कसे झाले, याचा थोडक्यात वृत्तांत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या देशातील शाळांत संगणक आला तोच मुळी सामाईक वस्तू म्हणून. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून सुमारे अडीचशे निवडक शाळांस बीबीसी मायक्रो ही विलायती यंत्रे दिली. पुढे १९८७ साली खडू-फळा मोहीम निघाली. प्राथमिक शाळेस निदान दोन खोल्या, दोन शिक्षक व अवश्य ते साहित्य मिळावे, एवढाच तिचा हेतू होता. म्हणजे एका शाळेत यंत्र आले होते, तेव्हा दुसरीत फळा यावयाचा होता.

२००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाच्या हाती एकेक लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. परंतु तो सर्वत्र रुजला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांस विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी निदान एकेक शिक्षक ठरवून दिला. संगणकाविषयी मात्र त्याच्या अनुसूचीत काही सांगितले नाही. शिक्षक तीन, आणि यंत्र मिळेल तेवढे, अशी स्थिती राहिली.

१ एप्रिल २०१४ पासून ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग लोकोपयोगी कार्यास लावणे आवश्यक झाले, आणि शिक्षण हे त्या कार्यांपैकी एक होय. त्यामुळे शाळांस लॅपटॉप मिळण्याचा एक नवा मार्ग खुला झाला. परंतु २०१५ साली राज्यात 'सरल' ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली, व विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम शिक्षकांवर आले. यंत्र एक आणि कामे दोन, असा पेच पडला. माहिती भरण्यास मुदत असते, धड्यास नसते. म्हणून अशा पेचात यंत्र कचेरीत अडकते आणि वर्ग त्यास मुकतो. हानी होते ती शिक्षकाची नव्हे, मुलांची.

आमच्या मते यावरील उपाय महाराष्ट्राच्या मातीत पूर्वीपासून आहे. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत नदीचे थोडके पाणी अनेक शेतकरी पाळीने घेत आले. पाटकरी पाणी फिरवी, आणि कोणाची पाळी केव्हा हे सर्वांस ठाऊक असे. पाणी त्यामुळे वाढत नसे. परंतु बलवानाने अधिक घ्यावे व दुर्बलाने कोरडे राहावे, हे टळत असे.

शाळेतही तसेच व्हावे. आठवड्याची पाळी शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर लिहावी. यंत्र घेणाऱ्याने वहीत नाव व वेळ नोंदवावी, आणि ते विद्युत्भारित करूनच परत करावे. प्रत्येकाने आपले साहित्य आपापल्या कप्प्यात ठेवावे, दुसऱ्याचे पुसू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, शाळा भरली असता पहिला हक्क वर्गाचा मानावा. नोंदींची वेळ शाळा सुटल्यावर किंवा वर्ग नसलेल्या तासास ठेवावी, व त्या कामासाठी निराळे यंत्र मागत राहावे.

दानशूर सज्जनांसही आमची एक विनंती आहे. शाळेस लॅपटॉप देताना, तो कोणत्या वर्गात व आठवड्यात किती तास उघडला जाईल, एवढे प्रेमाने विचारावे. कपाटात कुलुपाखाली राहिलेले यंत्र कितीही नवे असले, तरी मुलांच्या दृष्टीने ते आलेच नाही, असे समजावे.